चाक पट्ट्याच्या आत, डोकं पट्ट्याच्या बाहेर

परवा करंजी घाटात एका वळणाच्या जरा वर गाडी कडेला लावून थांबलो होतो. फोन आला होता म्हणून थांबलो, पण बोलणं संपलं तरी अर्धा तास तिथून हललो नाही. समोरून येणाऱ्या दुचाक्या बघत बसलो. उजव्या वळणाला आलं की दहातल्या सात-आठ जणांची चाकं मधल्या पट्ट्याला चिकटलेली. काहींची तर थेट पट्ट्यावरूनच. आणि प्रत्येकाला वाटत असणार, मी तर माझ्याच बाजूनं चाललोय.

मित्रांनो, इथंच आपली फसगत होते. ट्रकचं चाक पट्ट्याच्या आत असलं की अख्खा ट्रक साधारण आत असतो. दुचाकीचं तसं नाही. ती वळताना कलते. उजव्या वळणावर गाडी 25 अंशांच्या आसपास कलली आणि चाक पट्ट्यालगत असलं, तर आपलं डोकं नि खांदा जवळजवळ दोन फूट पलीकडं गेलेला असतो. म्हणजे चाक कायद्यात आणि डोकं समोरच्या ट्रकच्या वाटेत.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी याच घाटात ट्रकचा आरसा माझ्या हेल्मेटला घासून गेला होता. ट्रकवाल्याला मनसोक्त शिव्या दिल्या. घरी आल्यावर शांतपणे आठवून पाहिलं, तर तो त्याच्या बाजूलाच होता. पट्ट्याच्या पलीकडं मी गेलो होतो. चाक सोडून बाकी सगळा मी.

आता डावं वळण. तिथं दुखणं वेगळं. वेग जास्त झाला की गाडी आपोआप बाहेर, म्हणजे उजवीकडं फेकली जाते, थेट समोरच्याच्या अंगावर. डोंगर किंवा झाडी आडवी असल्यानं पुढचं दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात ऊसाचा हंगाम. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून येत नाही, ती वळणाच्या आतल्या अंगाला कापत येते. आपल्याला डावं असलेलं वळण त्याला उजवं असतं. म्हणजे ट्रॅक्टर त्याच्या बाजूनं गेला म्हणून आपण सुटलो असं नाही, मागची ट्रॉली आपल्या बाजूला आलेली असू शकते. रात्री तिला मागं-पुढं रिफ्लेक्टर नसेल तर बोलायलाच नको.

मग करायचं काय? माझं साधं गणित आहे. उजव्या वळणावर आपल्या लेनच्या डाव्या भागात राहायचं, पार कडेच्या खडीत नाही, पण पट्ट्यापासून चांगलं लांब. पुढचंही तिथूनच जास्त दिसतं. डाव्या वळणाला लेनच्या मध्यावर राहायचं आणि समोरून काही येताना दिसलं की डावीकडं सरकायचं. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असतानाच कमी करायचा. कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक करकचून दाबला की ती हातात राहत नाही. आणि नजर वळण जिथं संपतं तिकडं ठेवायची. खड्ड्याकडं बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते, हा अनुभव सगळ्यांना आहे.

पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांना हात जोडून विनंती. इंजिनचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो. वाचतील किती, पाच-दहा रुपये?

आणि पोरांनो, व्हिडिओत बघून जे 'बाहेरून आत, आतून बाहेर' असं वळण काटता ना, ते रेसच्या ट्रॅकसाठी आहे. तिथं समोरून कुणी येत नाही. इमामपूर घाटात समोरून कंटेनर येतो. काजव्यांच्या दिवसांत रात्री भंडारदऱ्याला जाता, तिथं तर अंधार, धुकं आणि अनोळखी वळणं, तिन्ही एकत्र.

थोडा हिशेब बघा. कोरड्या, सपाट रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना, ताशी 60 नं चाललेली गाडी थांबायला साधारण 40 मीटर लागतात. 40 च्या वेगाला 22 मीटरच्या आसपास. उतारावर, ओल्या रस्त्यावर याहून जास्त. वळणावर पुढचं 25 मीटरच दिसत असेल तर 60 नं जाणारा माणूस नशिबाच्या भरवशावर चाललाय.

कमेंटमध्ये कुणी म्हणेल, 'रस्ता रुंद करा, सगळं नीट होईल.' मला हे अर्धंच पटतं. पुणे-नाशिक महामार्गासारखा मध्ये दुभाजक आला तर समोरासमोरची धडक टळते, हे खरं. पण दुभाजक न टाकता नुसतं डांबर रुंद केलं तर वळण तेच राहतं आणि वेग तेवढा वाढतो. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हे सरकारचेच आकडे आहेत.

म्हणून प्रशासनाकडं मागायचंच असेल तर आधी स्वस्तातलं मागू. घाटातल्या वळणांवरची खडी आणि माती नियमित झाडा. मधला पट्टा ठळक, अखंड रंगवा. बाणांचे फलक झाडीतून मोकळे करा. आंधळ्या वळणांवर गोल आरसे लावा. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लागलाय का ते तपासा. आणि लायसनच्या परीक्षेला नुसता आठचा आकडा काढायला लावण्यापेक्षा वळणावर कुठं राहायचं एवढं तरी पोरांना विचारा.

पण हे सगळं होईल तेव्हा होईल. रंगपंचमीला मढीला आणि नवरात्रात मोहट्याला जाणारी गर्दी याच घाटातून जाणार आहे. दुचाकीवर बायको, पुढं टाकीवर लेकरू. उजव्या वळणावर गाडी कलली की सगळ्यात आधी त्या लेकराचं डोकं पट्ट्याकडं झुकतं. पट्ट्यापासून तीन फूट डावीकडं सरकायला पैसे लागत नाहीत, निविदाही लागत नाही.

तुमच्या रोजच्या रस्त्यावरचं सगळ्यात वाईट वळण कोणतं, ते गाव आणि खुणेसकट खाली लिहा. यादी करून संबंधित कार्यालयात निवेदन देऊ. तोपर्यंत डावीकडं राहा. हळू या, पण घरी या.