गाठ दुखत नाही, म्हणूनच दाखवा

कपाशीची पाहणी आठवड्याला करा, असे आम्ही गावोगाव सांगत आलो. अळी डोळ्यांत भरेपर्यंत थांबले तर फवारणीचा खर्चही जातो आणि पीकही जाते, हे शेतकऱ्याला पटले आहे. घरातल्या बाईच्या दुखण्याबाबत मात्र हा हिशेब कोणी मांडत नाही.

स्तनाचा कर्करोग हा शहरी बायकांचा आजार, असा गावात समज आहे. शहरात प्रमाण जास्त आहे हे खरे. पण गावची बाई दवाखान्यात पोचते तीच उशिरा. २०२२ साली भारतात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

उशीर का होतो? गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून काम थांबत नाही. आधी वेचणी, मग लग्नसराई, मग पेरणी. सांगायची लाज वाटते. तालुक्याला जायचे तर मजुरी बुडते, आणि पैसा कारभाऱ्याच्या हातात.

महागडे यंत्र नाही, ही सबब चालणार नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष आले. या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला; पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण गाठ लागली तर वय न पाहता दाखवायचीच.

३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचना सांगतात. कागदावरचे हे आपल्या उपकेंद्रात होते का? प्रत्येक गावाने विचारावे. तपासणारी बाईच हवी, आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी व तारीख त्याच दिवशी हातात हवी. नुसत्या शिबिराने कोणी वाचत नाही.

मायबहिणींनो, स्तनात वा काखेत गाठ, कातडीला खळी, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त, यांतले काही दिसले तर थांबू नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात; पण ते डॉक्टरने ठरवायचे. उपचारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, तिची चौकशी करा.

आणि बंधूंनो, बैल लंगडला तर तुम्ही त्याच दिवशी डॉक्टर आणता. घरधनिणीला सुगी संपेपर्यंत थांबवू नका.