अक्षांश-रेखांशांची यादी

दर वर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना एक यादी देतात. नवी दिल्ली आणि इस्लामाबाद इथे एकाच दिवशी, वकिलातींमार्फत. त्या यादीत आपापल्या देशातली अणुकेंद्रे कुठे आहेत ते लिहिलेले असते, अक्षांश आणि रेखांशासह. वर्तमानपत्रात ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. त्या दिवसांत आपण बहुतेक सगळे हिवाळी सुट्टीत घरी असतो, त्यामुळे ती वाचलेला कॅडेट मला अजून भेटलेला नाही.

मॅप रीडिंगच्या तासाला उस्ताद आम्हाला बजावतात की आपल्या ठाण्याचा ग्रिड रेफरन्स उघड्या वायरलेसवर कधी बोलायचा नाही. आणि इथे चार वेळा एकमेकांशी लढलेले दोन देश आपल्या सर्वांत नाजूक जागांचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून देतात! मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता. आज माझे मत असे आहे की आपल्या उपखंडात अण्वस्त्रांबाबत जे थोडे शहाणपणाचे काम झाले, त्यात या यादीचा नंबर पहिला लागतो.

तिच्यामागची गोष्ट अशी. ७ जून १९८१ रोजी इस्रायलच्या विमानांनी इराकमधली ओसिराक ही अणुभट्टी बॉम्ब टाकून नष्ट केली. तेव्हापासून आपल्याकडेही आणि पलीकडेही एकच धास्ती होती, की शेजारी हेच आपल्याबाबत करील. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादमध्ये राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत करार झाला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही आणि दुसऱ्या कोणाला तसे करायला मदतही करायची नाही. कुठे हल्ला करायचा नाही हे कळायला जागा माहीत हव्यात, म्हणून यादी. करार २७ जानेवारी १९९१ पासून लागू झाला आणि १ जानेवारी १९९२ ला पहिली यादी गेली.

मी पालघर जिल्ह्यातला. तारापूरचे अणुवीज केंद्र आमच्या घरापासून इतके जवळ आहे की समुद्रावर फिरायला गेलो की ते दिसते. १९६९ पासून ते चालू आहे, देशातले पहिले. यादी जाहीर होत नाही, पण करारात वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्या स्पष्टपणे आहेत, तेव्हा तारापूर तिच्यात असणारच. अणुभट्टीवर बॉम्ब पडला तर तिथे अणुस्फोट होत नाही, पण आतला किरणोत्सर्गी माल बाहेर पडून वारा नेईल तिकडे जातो. हा वारा आमच्या चिकूच्या वाड्या, मच्छीमारांची गावे आणि पुढे मुंबई यांच्यात फरक करणार नाही. त्यामुळे माझ्या आईवडिलांच्या दृष्टीने ही यादी म्हणजे घराच्या दाराची कडी आहे. त्यांना तिच्याबद्दल काही माहीत नव्हते हे वेगळे.

या कराराची खरी परीक्षा वाईट वर्षांत झाली. १९९९ मध्ये कारगिल झाले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, कंदाहारमधले विमान अपहरण संपले. दुसऱ्या दिवशी यादी गेली. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, दोन्ही सैन्ये सीमेवर येऊन उभी राहिली, आणि १ जानेवारी २००२ ला यादी गेली. २६/११ नंतर पाच आठवड्यांनी गेली. पुलवामा आणि बालाकोटच्या वर्षानंतरही गेली. १ जानेवारी २०२५ ला ती ३४ व्यांदा गेली. एकही वर्ष चुकलेले नाही. आमच्या स्क्वाड्रनची सकाळची फॉल-इन इतकी नियमित असती तर आम्ही बॅनर जिंकला असता.

आंतरसदन वादविवादात या वर्षी विषय होता, शस्त्रसज्जता हीच शांततेची हमी. बाजूने बोलणाऱ्यांना टाळ्या मिळाल्या. विरोधात बोलणाऱ्यांनी हिरोशिमाचे वर्णन केले, ते ऐकून सगळे गंभीर झाले आणि मग गुण बाजूच्या संघाला गेले. मला दोन्ही भाषणे अपुरी वाटली. निःशस्त्रीकरण म्हणजे कवी लोकांचा विषय आणि बंदूक म्हणजे आपला, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. मला सैन्यात जायचे आहे, एन.डी.ए.चा फॉर्म भरला आहे, आणि १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला जे झाले ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पाच देशांनी अण्वस्त्रे ठेवायची आणि बाकीच्यांनी शपथ घ्यायची, हा १९६८ च्या कराराचा हिशेब भारताने नाकारला ते योग्यच केले. पण त्याच भारताने ९ जून १९८८ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०१० पर्यंत जगातली सगळी अण्वस्त्रे टप्प्याटप्प्याने नष्ट करण्याची योजना मांडली होती, हेही आपलेच धोरण. ती योजना मोठ्या देशांनी बाजूला ठेवली, आणि पुढे आपणही तिची आठवण काढणे कमी केले.

शिवाय ही कामे प्रत्यक्षात करतो कोण? अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी डिसेंबर १९८७ मध्ये मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. २,६९२ क्षेपणास्त्रे मोडली गेली, आणि ती मोडताना समोर दुसऱ्या देशाचे निरीक्षक उभे राहून मोजत होते. त्यांत कितीतरी जण सैन्यातले अधिकारी होते. व्होटकिन्स्कच्या कारखान्याच्या दारात अमेरिकन पथक आणि अमेरिकेत मॅग्ना या गावी सोव्हिएत पथक, असे १३ वर्षे मुक्काम ठोकून बसले होते, बाहेर पडणारी वाहने तपासत. हिवाळ्यात, बर्फात, रोज. ज्याला गार्ड ड्यूटी माहीत आहे त्याला हे काम समजेल. २०१९ मध्ये तो करार संपला, ही वाईट गोष्ट झाली. पण मोडलेली क्षेपणास्त्रे परत जोडली गेली नाहीत.

आपल्या यादीत ही तपासणी नाही. पलीकडच्याने जे लिहिले ते घ्यायचे, खरे-खोटे आपल्या आपण पाहायचे. ही तिची उणीव आहे, आणि दोघांमधला आजचा विश्वास पाहता निरीक्षक वगैरे मागणे म्हणजे हवेत गोळी झाडणे होईल. म्हणून मी त्याहून लहान गोष्ट मागतो.

ऑक्टोबर २००५ मध्ये दोन्ही देशांनी आणखी एक करार केला. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची असेल तर किमान तीन दिवस आधी दुसऱ्याला कळवायचे. तो पाळला जातो. पण त्यात क्रूझ क्षेपणास्त्रे नाहीत. ९ मार्च २०२२ ला आपल्याकडून एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटके नव्हती, जीवितहानी झाली नाही. संरक्षण मंत्रालयाने दोन दिवसांनी चूक मान्य केली, चौकशी झाली, आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढले. हे सगळे रीतसर झाले. तरी ते आकाशात होते ती काही मिनिटे पलीकडच्या रडारवर बसलेल्या माणसाच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहतो. हे काय आहे, कुठे चालले आहे, त्यावर काय लादले आहे, यातले त्याला काहीच माहीत नाही. अपघाताची वेळ आधी कळवता येत नाही हे खरे. पण क्रूझ क्षेपणास्त्रेही कळवण्याच्या नियमात असती, तर त्याच्याबरोबर अशा वेळी लगेच फोन करण्याची पद्धतही दोन्हीकडे पक्की बसवता आली असती.

काही सर म्हणतील की क्रूझ क्षेपणास्त्रांची संख्या आणि चाचण्या शत्रूला कळू देणे परवडणारे नाही. पण चाचणीआधी आपण विमाने आणि जहाजांसाठी धोक्याचे क्षेत्र जाहीर करतोच. ते इस्लामाबादमध्येही वाचले जाते. त्यापुढे जाऊन फक्त एक निरोप पाठवायचा आहे, आणि तसाच निरोप त्यांच्याकडूनही घ्यायचा आहे. २००५ च्या करारात त्यासाठी एका शब्दाची भर पुरेल.