नऊ दिवसांचं भविष्य

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट होती, दारूची दुकानं बंद होती आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत ७ माणसं सॅनिटायझर पिऊन मेली. जे हाताला चोळायचं ते पोटात घ्यायचं नसतं, हे त्या दिवसांत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ‘एवढीही अक्कल नव्हती का त्यांना?’ असं तेव्हा टपरीवर, बस स्टँडवर, घराघरांत बोललं गेलं. मीही बोललो होतो. आज तो प्रश्न मी मागे घेतो.

मागे घेण्याचं कारण एक माय आहे. तिचा मुलगा पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉलच्या गोळ्या घेऊ लागला आणि मग त्या गोळ्यांचाच होऊन बसला. ट्रॅमाडॉल अफूच्या जातीचं औषध आहे. २०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. माय सांगत होती, “पोरगं वाईट नाही जी. पोरीच्या डोक्शावर हात ठेवून शप्पत घेतली त्यानं. अन् तिसऱ्या दिवशी गॅसचं शिलेंडर इकून आला. त्याले माया नाही का पोरीची?”

माया आहे. शपथही खरी होती. ज्या घटकेला ती घेतली, त्या घटकेला त्याच्या अंगात गोळी होती. सिलिंडर विकलं तेव्हा नव्हती.

अंगातली नशा उतरल्यावरच्या या अवस्थेला गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढणारे ‘टर्की’ म्हणतात. नाक वाहतं, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात पिळा पडतो, हाडं कुणी आतून ठेचतंय असं वाटतं. हे शरीराचं झालं. त्याहून वाईट मनाचं असतं. भीती, चिडचिड आणि कशातच अर्थ नाही अशी काळोखी. पहिल्या दिवसांत माणूस मजेसाठी घेतो किंवा दुखणं थांबावं म्हणून घेतो. पुढे तो फक्त ही काळोखी टाळण्यासाठी घेत राहतो. आपण घरचे लोक मात्र त्याला वर्षानुवर्षं ‘ऐश करतो’ म्हणून शिव्या घालतो.

१९९८ साली अमेरिकेत नॅन्सी पेट्री, वॉरन बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉइनचं व्यसन असलेल्या माणसांना एक गोष्ट अर्धी सांगून पुरी करायला दिली. एक माणूस झोपेतून उठतो आणि आपल्या भविष्याचा विचार करू लागतो, इतकीच सुरुवात. व्यसन नसलेल्यांनी रचलेल्या गोष्टी सरासरी ४.७ वर्षं पुढे गेल्या. व्यसनात असलेल्यांच्या गोष्टी सरासरी ९ दिवसांत संपल्या. त्याच अभ्यासात पत्त्यांचा एक जुगारही होता. काही गड्ड्या आधी भरभरून देतात आणि शेवटी कंगाल करतात, काही थोडं थोडं देत राहतात. निरोगी माणूस घातक गड्डीकडे हात नेतो तेव्हा त्याला कारण सांगता येण्याआधीच तळव्याला घाम फुटतो, हे अँटोनिओ दामासिओ आणि अँटोइन बेचारा यांनी दाखवलं होतं. भावना अशी आधी हाक मारते, मग बुद्धी ऐकते. हेरॉइन घेणारे त्या घातक गड्ड्यांकडेच अधिक वळले. पुढे आणखी एका अभ्यासात दिसलं की, नशा थोडी जरी उतरू दिली तरी उद्याची मोठी रक्कम त्यांना आणखीच कवडीमोल वाटते.

आधी व्यसन की आधी हा स्वभाव, हे अशा चाचण्यांतून ठरत नाही. आणि सरासरी म्हणजे कुणा एकाचं नशीब नव्हे. पण ज्याचं भविष्य ९ दिवसांवर आलंय, त्याला ‘पोरीच्या लग्नाचा तरी विचार कर’ म्हणून काय पोहोचणार?

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. देशपांड्यांच्या देणगीच्या आधारावर, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा गर्द हे मुंबई-पुण्याचं दुखणं मानलं जात होतं. आज तसं मानण्याची सोय नाही. केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयाच्या दर १०० भारतीयांमागे २ जण अफूच्या जातीचं काही ना काही घेताना आढळले. ज्यांना उपचारांची गरज आहे, त्यांतले निम्म्याहून अधिक मोजक्या राज्यांत आहेत आणि त्यांत महाराष्ट्र आहे.

उपाय आहे. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली की टर्की आटोक्यात राहते आणि माणसाला उद्याचा विचार करण्याइतकी उसंत मिळते. ‘एक नशा सोडून दुसरी’ असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. मधुमेहाच्या रोग्याला आपण इन्सुलिनचं व्यसन लागलं म्हणत नाही. पोलिसांची भीती असेल तर अंमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ वाचा: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारांना तयार झाला, तर उपचार पुरे करण्याच्या अटीवर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे.

प्रश्न अंतराचा आहे. उमरखेडहून यवतमाळला यायचं तर शंभर किलोमीटरच्या पुढचा रस्ता. टर्कीतला माणूस एसटीत इतका वेळ बसून, केसपेपर काढून, रांगेत उभा राहील? गोळी विकणारा त्याला कोपऱ्यावर भेटतो. म्हणून जिल्हा प्रशासनाकडे माझी मागणी आहे की हा उपचार पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवडा इथल्या सरकारी रुग्णालयांत रोज मिळावा, आणि आला त्याच दिवशी सुरू व्हावा.

घरच्यांना दोन गोष्टी सांगतो. शपथ मागू नका. तो शांत असेल त्या घटकेला दवाखान्याची तारीख ठरवा आणि त्या दिवशी सोबत जा. आणि काही दिवस सोडून राहिलेल्या माणसाने पुन्हा जुन्याच प्रमाणात घेतलं तर शरीर ते पेलत नाही, श्वास बंद पडतो. अशा वेळी लाज धरू नका, लगेच १०८ला फोन करा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक १४४४६ आहे.