आजोबांचे डोके

परवा एका विद्यार्थ्याचा निबंध तपासत होतो. 'आमचे आजोबा ओढ्याकाठी बसून डोक धरायचे,' असे त्याने लिहिले होते. आम्ही पडलो मराठीचे प्राध्यापक! लाल पेन्सिलीने मात्रा देऊन 'डोके' केले आणि अर्धा गुण कापला.

संध्याकाळी राजापेठेत मासळी घ्यायला गेलो. घरचे फर्मान मरळीचे होते. मासेवाली म्हणाली, "मरळ कुठी भेटते आता, सर? ना मरळ, ना डोक. रोहू घ्या न!"

"डोक म्हणजे?"

"मरळीचा लहाना भाऊच समजा."

डोके धरण्याची पाळी आमच्यावर आली!

रोहूशी आमचे वैर नाही. पण हा गंगेकडला पाहुणा वाहत्या पाण्यावाचून अंडी घालीत नाही. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी टोचणी देऊन कार्प जातीच्या माशांची वीण करून दाखवली. पुढे रोहू-कटल्याचे बीज गावोगाव पोचले. उत्पन्न वाढले, मात्र बीज दरसाल विकत आणणे आले. मरळीचे तसे नाही. ती तळ्यातच अंडी घालते, पिलांची राखणही करते. तिला हवा असतो पाणवनस्पतींचा आडोसा.

भंडारा-गोंदियाकडे कोहळ्यांनी बांधलेली जुनी मालगुजारी तळी आहेत. तिथे मनीष राजनकर यांच्या 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'ने ढिवर मच्छीमारांनाच गुरू केले. कोणती वनस्पती कोणत्या माशाचा चारा, कोणती लपायची जागा, हे त्यांना तोंडपाठ! त्यांनी बेशरमीची झुडपे उपटली, तळ्यात देशी वनस्पती लावल्या आणि दिसेनासे झालेले देशी मासे परतू लागले. या माशांच्या बीजाला पैसे पडत नाहीत. तळे राखले की पुरे.

मासा गेला की त्याचे नाव जाते. आणि नाव गेले की तो गेल्याची हळहळही कुणाला वाटत नाही. ते नाव पुसायला आमच्यासारख्याची एक मात्रा पुरते.

दुसऱ्या दिवशी अर्धा गुण परत केला आणि म्हटले, "आजोबांना आणखी नावे विचारून ये."

"सर, आजोबा गेल्या साली वारले."

वाचकहो, तुमच्या घरी आजोबा असतील, तर यंदा फराळाला बसताना त्यांना तेवढे विचारून ठेवा.