त्रिनिदादचे ताबूत कुणाचे?

आयपीएलच्या दिवसांत आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, सुनील नारायण हे नाव तर आपल्याकडचे. मग तो वेस्ट इंडिजचा कसा? तो आपला की त्यांचा?" प्रश्न छोटा होता, उत्तराला अख्खा तास लागला.

1838 मध्ये ब्रिटिश वसाहतींतले गुलाम पूर्ण मुक्त झाले आणि उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर कमी पडू लागले. मग भारतातून आणि चीनमधून करारावर माणसे नेली गेली. 30 मे 1845 रोजी त्रिनिदादला पहिले भारतीय मजूर उतरले, त्या जहाजाचे नाव 'फतेल रझाक'. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 43 हजार भारतीय या एका बेटावर पोहोचले. बहुतेक बिहार आणि अवधकडचे, भोजपुरी बोलणारे. त्यांत हिंदू जास्त, मुसलमान थोडे.

आणि तरीही या सगळ्यांचा सर्वात मोठा सार्वजनिक सण ठरला मोहर्रम! 'या हुसैन'वरून त्याला तिथे 'होसे' म्हणू लागले. बांबू आणि रंगीत कागदाचे ताबूत मळ्यामळ्यांत बनत. ते उचलायला हिंदू खांदा देत, ढोल वाजवायला आफ्रिकी वंशाचे लोक येत.

सरकारला खुपली ती हीच जवळीक. 1884 मध्ये मिरवणुकांना शहरात बंदी झाली, आफ्रिकी वंशीयांनी त्यात भाग घेऊ नये असेही ठरले. बंदीविरुद्धच्या अर्जात पुढाकार कुणाचा? सुखू नावाच्या एका हिंदूचा. अर्ज फेटाळला गेला. 30 ऑक्टोबरला सॅन फर्नांडोच्या वेशीवर ताबूत घेऊन आलेल्या मजुरांवर गोळीबार झाला. किमान डझनभर माणसे मेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. गोळ्यांनी हिंदू-मुसलमान निवडले नाहीत.

होसे मात्र संपला नाही. सेंट जेम्स आणि सेड्रोसमध्ये आजही ताबूत निघतात. त्यातला ताशा तर आता हिंदूंच्या लग्नात वाजतो, कार्निव्हलमध्येही वाजतो. शेजारच्या गयानात 1970 मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते चिनी वंशाचे आर्थर चुंग. या भूमीची ओळख अशीच घडली आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. आपल्यातले काही म्हणतात, हा दीन नाही, बिदअत आहे. दुसरे म्हणतात, तिकडे जाऊन मूळ संस्कृती बाटली. दीनच्या चर्चेला माझी ना नाही, ती जाणकारांनी जरूर करावी. पण ज्या मजुराकडे ना जमीन होती ना परतीची खात्री, त्याने हुसैनच्या नावाने शेजाऱ्याला जवळ केले, याची किंमत शुद्धतेच्या तराजूत कशी करणार? शुद्धतेचा हट्ट तिथे मळेवाल्यांच्या सोयीचा होता. वेगवेगळे राहिलेले मजूर हाकायला सोपे असतात.

हे आपल्याला परके वाटू नये. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळूनच उचलतात. अशा जागा आपल्याकडे कमी होत चालल्या आहेत, याची मला काळजी वाटते.

त्या मुलाला मी शेवटी सांगितले, "बाळा, तो त्यांचाच आहे. पण त्या 'त्यांच्या'त आपणही थोडे आहोत."