न निजणारें यंत्र

झांकण मिटलें म्हणजे लॅपटॉप निजला, असा सार्वत्रिक समज आहे. हा समज आतां टाकून दिला पाहिजे, असें आमचें मत आहे. रात्रीं भरलेली बॅटरी सकाळीं रिकामी सांपडणें, झांकण बंद असतां आंतील पंखा घरघरत राहणें, दप्तरांतून काढलेलें यंत्र चांगलेंच तापलेलें असणें, या तक्रारी घरोघर ऐकूं येतात. तक्रारीपाठोपाठ निदानही ठरलेलेंच असतें. कोणी म्हणतो, "यंत्र बिघडलें, दुकानांत नेऊं", कोणी म्हणतो, "मुलानेंच कांहीं तरी केलें असेल." या दोन्ही निदानांत चौकशीचा लवलेशही नसतो. म्हणून हा विषय आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

लवासासारख्या ठिकाणीं याचें महत्त्व विशेष आहे. मुळशी तालुक्यांत, दासवे गांवाजवळ, वरसगांव धरणाच्या जलाशयाकांठीं वसविलेलें हें नगर अगदीं अद्ययावत् व्हावें असा मूळ संकल्प होता. २०१० च्या नोव्हेंबरांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें बांधकाम 'जैसे थे' ठेवण्याचा आदेश दिला, आणि २०१८ सालीं लवासा कॉर्पोरेशन ही कंपनी दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेंत गेली. तथापि तेथें कुटुंबें राहतात, ख्राइस्ट विद्यापीठाचें संकुल आहे, आणि विद्यार्थ्यांचें शिक्षण लॅपटॉपवांचून चालत नाहीं. पुण्याहून पिरंगुट, मुठा व टेमघर या मार्गानें घाट चढून सुमारें ६० किलोमीटरांवर हें नगर लागतें. पावसाळ्यांत ही वाट अवघड होते. दप्तरांतील लॅपटॉप वाटेंत जागाच राहिला तर वाऱ्यावांचून तो तापतो, आणि मुक्कामीं पोंचेपर्यंत बॅटरी संपते. तो कुशल कारागिराकडे न्यावयाचा तर बहुधा तोच घाट पुन्हां उतरावा लागतो. अशा ठिकाणीं रोगाची पहिली परीक्षा ज्याची त्यालाच करतां आली पाहिजे.

यंत्राची झोंप म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. १९९६ सालीं इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनीं संगणकाच्या वीजवापराचे नियम प्रसिद्ध केले. त्यांतील 'एस तीन' नांवाच्या झोंपेंत प्रोसेसर थांबतो, पडदा बंद होतो, आणि स्मृति टिकविण्यापुरती वीज तेवढी चालू राहते. त्यामुळें यंत्र जागें होतांच अर्धवट राहिलेला निबंध जसाच्या तसा समोर येतो. पुढें मोबाइल फोनाचें अनुकरण सुरू झालें. २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर व २०१५ सालीं विंडोज १० बरोबर जी नवी झोंप आली, तींत पडदा काळा होतो खरा, परंतु यंत्र केवळ डुलकी घेत असतें. अधूनमधून उठावें, आलेले निरोप घ्यावे, आणि पुन्हां डुलकी घ्यावी, असा त्याचा क्रम असतो. कित्येक नव्या लॅपटॉपांत जुनी गाढ झोंप मुळींच ठेवलेली नाहीं. म्हणजे ज्यास आपण बिघाड म्हणतों, तो पुष्कळदां कारखान्यानेंच लावून दिलेला स्वभाव असतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, निजलेलें यंत्र सहसा विनाकारण उठत नाहीं. कोणी तरी त्यास हांक मारतो, आणि ती हांक ऐकण्याची परवानगी त्यास आधींच मिळालेली असते. कधीं मेजावरील माउस हलतो, कधीं नेटवर्कवरून संदेश येतो, कधीं एकाद्या प्रोग्रॅमनें लावलेला गजर होतो. विंडोजच्या यंत्रांत या हांकांची चौकशी करण्याची सोय आहे, व तीस एक पैही लागत नाहीं. कमांड प्रॉम्प्ट नांवाची खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर या अधिकारानें उघडावी. तींत 'पॉवर' या इंग्रजी शब्दास सी, एफ, जी हीं अक्षरें जोडून लिहावीं, एक जागा सोडून पुढें झुकलेली तिरपी रेघ द्यावी, आणि रेघेस लागून आपला प्रश्न लिहावा. 'लास्टवेक' हा शब्द लिहिला तर शेवटीं कोणीं उठविलें याचें उत्तर मिळतें. 'वेकटायमर्स' लिहिला तर पुढील गजर कोणीं लावले आहेत तें दिसतें. 'रिक्वेस्ट्स' लिहिला तर यंत्रास निजूंच न देणारा प्रोग्रॅम उघडकीस येतो. केवळ 'ए' हें अक्षर लिहिलें तर या यंत्रास कोणत्या प्रकारची झोंप येते तें समजतें. मॅक वापरणारांनीं ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधील ऊर्जेचें पान उघडून झोंपेस अडथळा कोण करतो तें पाहावें.

अपराधी सांपडल्यावर उपाय एका वेळीं एकच करावा, असा आमचा आग्रह आहे. माउसनें उठविलें असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्यें जाऊन माउसची ती परवानगी काढून घ्यावी, आणि दोन रात्री वाट पाहावी. काय बदललें व काय घडलें हें तारखेसह वहींत टिपावें. चार बटणें एकदम दाबून गुण आला, तर तो कोणत्या औषधाचा हें कधींच कळत नाहीं. तसेंच सरसकट सर्व गजर बंद करणें हेंही शहाणपणाचें नव्हे. सुरक्षिततेच्या सुधारणा यंत्रास वेळेवर मिळाल्याच पाहिजेत. त्या दिवसां, वीज जोडलेली असतां घ्याव्या. प्रवासासाठीं मात्र 'हायबरनेट' हीच अवस्था निवडावी. तींत स्मृतींतील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून ठेवला जातो व यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होतें. झांकण मिटतांच हेंच घडावें, अशी योजना पुष्कळ यंत्रांत एकदां करून ठेवतां येते.

यावर कोणी म्हणतील कीं, एवढी यातायात कशाला? रोज रात्रीं यंत्र बंद करावें म्हणजे झालें. बंद करण्याची संवय चांगलीच आहे. परंतु तिनें कारण सांपडत नाहीं, केवळ झांकलें जातें. दिवसां दोन तासिकांच्या मधल्या वेळांत तीच खोड पुन्हां प्रकट होते. शिवाय कारण न शोधतां निभावून नेण्याची जी संवय मुलास लागते, ती लॅपटॉपापुरती राहत नाहीं. गणितांत व प्रयोगशाळेंतही ती त्याच्याबरोबर जाते. पालकांच्या दृष्टीनें पाहिलें तरी, एका परवानगीच्या खुणेसाठीं नवी बॅटरी किंवा नवें यंत्र विकत घेणें हा मोठाच भुर्दंड होय.

विजेचा अपव्यय एका यंत्रामागें थोडाच असतो, हें खरें. परंतु वीज फुकट येत नाहीं, ही गोष्ट तरी मुळशी तालुक्यानें विसरतां कामा नये. टाटांच्या मुळशी धरणाखालीं येथील शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊं लागल्या तेव्हां १९२१ सालीं सत्याग्रह झाला व सेनापति बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें. धरण अखेर झालें. त्याचें पाणी सह्याद्रीखालीं भिऱ्याच्या वीजगृहांत जातें. ज्या विजेसाठीं गांवें उठलीं, ती काळ्या पडद्यामागें निरर्थक जळावी, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

कारखानदारांसही आमचें एक सांगणें आहे. विद्यार्थ्याचा लॅपटॉप म्हणजे तारऑफिस नव्हे. मध्यरात्रीं निरोप घेण्याची त्यास गरज नसते. गाढ झोंप हवी कीं डुलकी, हें ठरविण्याचा अधिकार यंत्र विकत घेणाराकडेच राहिला पाहिजे. तोंपर्यंत पालकांनीं नवें यंत्र घेतांना किमतीबरोबर त्याच्या झोंपेचा प्रकारही दुकानदारास विचारावा. आणि विद्यार्थ्यांनीं, यंत्रास दोष देण्यापूर्वीं, त्यास कोणीं उठविलें हा प्रश्न यंत्रालाच विचारण्याची संवय लावून घ्यावी, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे.