घरातला ‘जोहार’ कधी थांबणार?

माणसाला कोणत्या शब्दाने हाक मारायची, यावरून त्याची पायरी ठरवण्याची या देशाची जुनी रीत आहे. पाटलाचे दहा वर्षांचे पोर साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला ‘अरे धोंड्या’ म्हणायचे आणि तो म्हातारा कमरेत वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणायचा. शेजारी उभा असलेला त्याचा नातू ते ऐकायचा. आपली जागा कोणती, हे त्या पोराला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. कानावर पडलेल्या दोन शब्दांनीच ते काम केलेले असायचे. म्हणूनच आमच्या माणसांनी ‘जोहार’ टाकला आणि ‘जयभीम’ स्वीकारला. शब्द बदलला आणि माणूस ताठ उभा राहिला.

हा इतिहास आम्ही अभिमानाने सांगतो. पण आमचा सवाल वेगळा आहे. वेशीवर मोडलेला हा ‘जोहार’ आमच्या घरात अजून किती दिवस नांदणार आहे?

लग्नाच्या पत्रिकेवर आम्ही ‘सौ.’ टाकत नाही, ‘आयुष्मती’ छापतो. मंचावरून ‘माता-भगिनींनो’ म्हणून भाषणाची सुरुवात करतो. घरी आल्यावर हीच आयुष्मती ‘ए’ होते, ‘ऐकू येत नाही का?’ होते. पोरांसमोर ती ‘हिला काय कळतंय’ होते. दुसऱ्या बाजूला ती नवऱ्याचे नाव घेत नाही. तो तिचा ‘हे’ असतो, ‘मालक’ असतो, ‘धनी’ असतो. सावकार-जमीनदारांची मालकी नाकारणाऱ्या समाजाच्या घरात नवऱ्याला ‘मालक’ म्हटले जाते आणि त्यात कुणाला काही खटकत नाही! नवऱ्याचे नाव घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते, ही समजूत कुणी पेरली? नाव घेतल्याने माणूस मरत असता, तर मतदारयाद्या वाचणाऱ्यांनी गावेच्या गावे ओस पाडली असती.

कुणी म्हणेल, ‘अहो’ म्हणण्यात काय वाईट? वाईट काहीच नाही. मान द्यावा, जरूर द्यावा. पण तो एकाच बाजूने का वाहतो? ती ‘अहो’ म्हणते आणि तो ‘अगं’ म्हणतो, याला परस्पर आदर म्हणत नाहीत, याला उतरंड म्हणतात. दोघांनी एकमेकांना ‘अहो’ म्हणावे, नाहीतर दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारावी. आमची हरकत कोणत्या शब्दाला नाही, त्या शब्दाच्या एकतर्फीपणाला आहे.

सावित्रीमाईंनी १८५६ साली नायगावहून आपल्या पतीला पत्र लिहिले, त्याच्या मायन्यातच ‘जोतीबा’ हे नाव आहे आणि सोबत नमस्कारही आहे. नाव घेतल्याने आदर कमी होत नाही, हे त्या माऊलीने तेव्हाच दाखवून दिले. बाबासाहेब रमाईंना ‘रामू’ म्हणत. रमाई गेल्यावर पाच वर्षांनी, १९४० साली, ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी याच नावाने तिच्या स्मृतीला अर्पण केला आणि तिच्या मनाच्या थोरवीची जाहीर नोंद केली. देशाच्या राजकारणावरचा एवढा मोठा ग्रंथ आणि त्याच्या आरंभी बायकोचे नाव! आमच्यापैकी किती जणांनी आपल्या पोरांसमोर त्यांच्या आईबद्दल असा एक तरी चांगला शब्द काढला आहे?

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा, असे बाबासाहेबांनी तिथे बजावले. त्याला ऐंशी वर्षे उलटून गेली. मैत्रीण सोडाच, भाजीत मीठ कमी पडले तर लेकरांसमोर तिची अक्कल काढली जाते आणि तिच्या माहेरचा उद्धार होतो.

लेकरे हे सगळे टिपत असतात. परीक्षेत पोरगा पहिला आला की तो ‘माझा मुलगा’ असतो, नापास झाला की ‘तुझा मुलगा’, ‘तुझ्या लाडाने बिघडलेला’. भांडण झाले की नवरा-बायको बोलत नाहीत, मधल्या मधे पोरगी निरोप्या होते. ‘तुझ्या बापाला सांग, ताट वाढलंय.’ ‘तुझ्या आईला सांग, मला भूक नाही.’ त्या आठ वर्षांच्या जिवाने कोणाची बाजू घ्यायची? मुलगा शिकतो की बाईला असेच बोलायचे असते. मुलगी शिकते की बाईने असेच ऐकून घ्यायचे असते. पंचवीस वर्षांनी त्यांच्याही घरात हेच संवाद ऐकू येतात आणि मग आम्ही विचारतो, पोरांवर संस्कार कुठे कमी पडले?

ही जबाबदारी एकट्या पुरुषाची आहे, असे आम्ही म्हणणार नाही. गिरणी बंद पडली, कंत्राट संपले, भरती निघालीच नाही, अशा कारणांनी घरी बसलेल्या बापाला ‘बिनकामाचा’ म्हणून पोरांसमोर हिणवणारी घरेही आहेत. बेकारी ही व्यवस्थेची करणी आहे. तिचा राग बापावर काढला, तर पोरगा व्यवस्थेला ओळखायचे सोडून बापाचाच तिरस्कार करायला शिकतो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याबद्दल बाईने लेकरांसमोर गोड बोलावे, असा आमचा उपदेश मुळीच नाही. मार झाकणे म्हणजे मर्यादा पाळणे नव्हे. लेकरांना खरे सांगणे वेगळे आणि माणसाला माणसातून उठवणे वेगळे. ‘बाबा दारू पिऊन मारतात, हे चूक आहे आणि मी ते सहन करणार नाही,’ असे जी आई सांगते, ती लेकरांना स्वाभिमान शिकवते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईचा अपमान करणे, हेटाळणी करणे, मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणे यांनाही हिंसाचारच मानले आहे. जिभेचा मार हा मारच असतो, हे कायद्याला कळले. घराला कधी कळणार?

कायदा तर आणखी पुढे गेला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचे नाव महाराष्ट्राच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, अशा क्रमाने लिहायचे आहे. म्हणजे कागदावर आईचे नाव बापाच्या आधी आले. पण घरात ते नाव कुणी उच्चारतच नसेल, तर त्या पोराला आपली आई एक नाव असलेली, आपले मत असलेली बाई आहे, हे समजणार कसे?

‘अन्याय-अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्त्या रखडत आहेत, आणि तुम्ही अहो-अगं घेऊन काय बसलात?’ असे काही कार्यकर्ते म्हणतील. त्यांना आम्ही एवढेच विचारतो, ‘जोहार’ हीसुद्धा एवढीशीच गोष्ट नव्हती काय? जो मुलगा घरात विषमता पाहत वाढला, तो मोर्चात समतेची घोषणा देईल, पण ती त्याच्या घशाखाली उतरलेली नसेल.

आम्ही धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्ग आहे आणि त्या मार्गात सम्यक वाचा आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली. त्यांतले पहिले पत्नीचा सन्मान करणे आणि दुसरे तिचा अवमान न करणे. ही दोन कर्तव्ये वेगवेगळी का सांगितली असतील? कारण वाढदिवसाला साडी आणून सन्मान करणारा माणूस रोज चारचौघांत अवमान करू शकतो.

तेव्हा बांधवांनो, याला ना निधी लागतो, ना ठराव लागतो. लेकरांसमोर त्यांच्या आईचे नाव घ्या. घरातला निर्णय घेण्याआधी त्यांच्या देखत तिचे मत विचारा. भगिनींनो, ‘मालक’ हा शब्द आजच घराबाहेर काढा. भांडण झाले तर समोरासमोर बोला, लेकरांना निरोपे करू नका. आणि रविवारी विहारात वंदनेला बसताना एकदा आपल्या पोरीच्या तोंडाकडे बघा. घरात कोण कुणाला काय म्हणते, याचा सगळा हिशेब तिच्यापाशी आहे.